आईकडून आलेलं

आमच्या कॉलनीत कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो संध्याकाळपर्यंत वानखडे सरांच्या ओट्यावर पोचायचा. सर अंजनगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे, मी तिथेच इतिहास. दोघंही अमरावतीत एकाच गल्लीत राहायचो आणि सकाळच्या एकाच एसटीनं जायचो. त्यामुळे गल्लीतले, बसमधले आणि कॉलेजातले असे तिन्ही ठिकाणचे वानखडे सर माझ्या वाट्याला आले.

कागद वाचायची त्यांची एक रीत होती. आधी कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचं. कागद आणणारा तोवर आपली हकिगत सांगायला लागलेला असायचा. सर त्याच्याकडे न बघता पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून काढायचे. मग चष्मा कपाळावर, मशीन परत कानात, आणि म्हणायचे, "आता आईक." त्या सगळ्या इंग्रजीचं एक वऱ्हाडी वाक्य व्हायचं. शेजारच्या इंगोले काकूंना नातवाच्या शाळेचं दोन पानी पत्र आलं होतं. सर म्हणाले, "पोट्टं हुशार आहे, पन एका जागी बसत नाही म्हन्ते." कुणाच्या तरी लग्नाची गुळगुळीत कागदावरची इंग्रजी पत्रिका आली, तेव्हा म्हणाले, "जेवाले बलावलं. आहेर आनू नका म्हन्ते. तरी नेजो."

वर्गातही हेच. पोरं आसपासच्या खेड्यांतली, इंग्रजीला भिणारी. लांबलचक वाक्य आलं की सर ते फळ्यावर लिहीत आणि खडूनं टकटक करत म्हणत, "सारे शब्द पाहू नको. क्रियापद शोध. बाकी सारी गर्दी आहे." एखाद्या पोराला ते सापडलं की त्याच्या पाठीवर थाप पडे आणि त्याचा शर्ट खडूनं पांढरा होई. मधल्या सुट्टीत मैदानावर पाठीवर पांढरा पंजा घेऊन फिरणारी पोरं दिसली, की सरांचा तास नुकताच झाला हे आम्हाला कळे.

सर बुटके होते आणि अंगानं काडी. पंचविशीच्या आतच त्यांचे कान जायला लागले होते. तिशीत साखर निघाली, तेव्हा डॉक्टरलाही नवल वाटलं होतं, इतक्या बारीक माणसाला कशी म्हणून. त्यांच्या आईचंही तसंच. तीही ठेंगणी, बहिरी, साखरेची, आणि पन्नाशी गाठायच्या आत छातीच्या दुखण्यानं गेली. "आमच्या घरात उंची, साखर अन् कान, तिन्हीचा घोटाळा आहे," सर म्हणायचे. हे ते गंमत म्हणून सांगायचे आणि आम्हीही गंमत म्हणूनच ऐकायचो.

त्यांना मोठा आवाज नव्हे, जाड आवाज ऐकू यायचा. बायकापोरांचं बोलणं हवेत विरून जायचं, मग ते ओठांवरून ओळखत. माझा आवाज मुळातच घागरीतून आल्यासारखा. "गावंडे, तुह्या आवाजात वजन आहे, तुह्यं मले समजते," असं म्हणून बसमध्ये ते मला खिडकीशी बसवत आणि स्वतः माझ्या बाजूला बसत. कंडक्टरचं, गावोगावच्या माणसांचं, सगळ्यांचं बोलणं मी त्यांच्या कानाशी पुन्हा सांगायचो. कोरोनात लोकांनी तोंडं झाकून घेतली, तेव्हा ते खरे बहिरे झाले. त्या काळात ते घराबाहेर फार निघालेच नाहीत.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. याबद्दल कुणी विचारलं तर ते मशीनला हात लावून "काय म्हन्ता?" असं दोनदा विचारायचे, आणि माणूस तिसऱ्यांदा विचारायचा नाही. मला त्यांनी आपणहून सांगितलं ते एका पावसाळ्यात, बस रस्त्यात बंद पडली होती तेव्हा. सत्ताविसाव्या वर्षी त्यांना बडनेऱ्याची एक मुलगी सांगून आली होती. रेल्वेतल्या माणसाची मुलगी, शिक्षिका व्हायला निघालेली. पाहण्याचा कार्यक्रम झाला. सगळ्यांच्या समोर तिनं सरांना विचारलं, तुमचं आवडतं पुस्तक कोणतं. सरांना ऐकू आलं नाही. तिनं उठून, जवळ येऊन, ओठ नीट हलवत पुन्हा विचारलं.

"लय चांगली होती बापा," सर म्हणाले. "कोनी सांगितलं नव्हतं तिले, तरी समजलं."

"मग?"

"मंग काय. आठ-पंधरा दिवसानं मी एकटाच गेलो बडनेऱ्याले. तिच्या बाबाले म्हटलं, आमच्या घरात बहिरेपना आहे. आईले होता, मले आहे, माह्या लेकरात उतरनारच. तुमच्या पोरीले काहून यात पाडू. तो मानूस हात धरून बसला, म्हने तरी चालते आम्हाले. मी म्हटलं, मले नाही चालत."

त्यानंतर त्यांनी दुसरी मुलगी पाहिलीच नाही. लहान बहीण पुष्पा, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. सरांनीच तिचं सगळं केलं. तिचे कान चांगले होते, म्हणून ती सुटली असं त्यांना वाटायचं. तिला अकोल्याला दिली. नवरा, किशोरराव, वीज कंपनीत. दोन मुली झाल्या, मनीषा आणि तिच्यामागे बऱ्याच वर्षांनी ईशा. सुटी लागली की सर अकोल्याला, आणि ईशाला बोलता यायला लागलं तसं आठवडी सुटीलाही अकोल्याला. ईशा मामासारखीच ठेंगणी, चुणचुणीत. मामाला ऐकू येत नाही हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ती त्यांच्या मांडीवर चढून, त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच बोलायची.

ईशा आठ-नऊ वर्षांची असताना दुखणं सुरू झालं. आधी नुसतं डोकं दुखायचं आणि उलट्या. शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. पुष्पाताई ओरडायची, आळशी झाली म्हणून. मग एकदा तापात फिट आली आणि शुद्धीवर आल्यावर डावीकडचं दिसेना. ताटातली डावीकडची पोळी तशीच राहायची आणि ती म्हणायची, आई, पोळी दे ना. आठवडाभरात दिसायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी पुन्हा तसंच. कुणी मेंदूतला ताप म्हणालं, कुणी मेंदूचा टीबी. शेवटी नागपूरला नेलं, तिथं मेंदूचे फोटो काढले आणि डॉक्टरांनी घरातल्या एकेकाची चौकशी केली. आजी कशी होती, मामा कसे आहेत. ईशाचं आणि पुष्पाताईचं रक्त कुठल्या तरी लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं.

रिपोर्ट सरांच्या मोबाइलवर आला. अकोल्यात कुणाला इंग्रजी कळत नव्हतं असं नाही, मनीषा बीएस्सी होती. पण त्या घरात इंग्रजी कागद दादानं वाचायचा हे ठरलेलं होतं. सरांनी चौकातून त्याच्या छापील प्रती काढून आणल्या आणि मला बोलावलं. मशीन खिशात गेलं. ते वाचत होते, मी समोर चहा घेत होतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. असं तीनदा झालं. चष्मा कपाळावर गेलाच नाही.

"काय म्हणते, सर?" मी कानाशी जाऊन विचारलं.

त्यांनी मशीन लावलं. "गावंडे, शब्द वाचता येते. म्हन्ते काय, ते येत नाही." मग कागद माझ्यापुढे धरून एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. "हे पाह्य. असू शकते. होऊ शकते. सांगता येत नाही. अंदाज करता येत नाही. साऱ्या कागदात एक क्रियापद आपल्या पायावर उभं नाही. एकच ठाम आहे." आणि त्यांनी ती ओळ दाखवली. बदल सापडला आहे, असं तिच्यात होतं. ईशाच्या रक्तात साठाच्या वर टक्के, आईच्या रक्तात अठरा.

पुष्पाताईचा फोन आला. सरांनी तो मला दिला, तिचा आवाज त्यांना फोनवर पोचत नसे. ती विचारत होती, दादा काय म्हणतो. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांग, नागपूरले जाऊन इचारू." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बहिणीला कागद समजावून सांगितला नाही.

नागपूरला आम्ही पाच जण गेलो. पुष्पाताई, किशोरराव, ईशा, सर आणि सरांचे कान म्हणून मी. जनुकांच्या आजारांची डॉक्टर तरुण होती, समजूतदार होती, पण आवाज बारीक आणि तोंडावर मास्क. तिचं प्रत्येक वाक्य मी सरांच्या कानाशी पुन्हा म्हणत होतो. ईशाला नर्स बाहेर चित्रांची पुस्तकं दाखवायला घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाली, आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत ताकद तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांची स्वतःची वेगळी जनुकं असतात आणि ती फक्त आईकडून येतात. ईशाच्या त्या कणांपैकी बरेच बिघडलेले आहेत. मेंदूला सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून मेंदू आधी थकतो.

"साठ टक्के बिघडलेले," किशोरराव म्हणाले. "म्हणजे चाळीस टक्के तर चांगले आहेत ना, मॅडम?"

"हा आकडा रक्तातला आहे," डॉक्टर म्हणाली. "मेंदूत किती आहे ते यावरून सांगता येत नाही. आकडा एवढा म्हणून आजार एवढा, असंही नाही. एवढाच आकडा असलेली दोन माणसं अगदी वेगळी असू शकतात."

"मग रिपोर्ट कशाले केला?" किशोररावांनी विचारलं.

डॉक्टरनं याचं उत्तर दिलं. नाव कळलं की कोणती औषधं द्यायची नाहीत हे कळतं, ताप आला तर काय करायचं हे कळतं, पुढच्या झटक्याला लवकर धावता येतं. पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. हे सगळं मी सरांच्या कानाशी म्हणालो. शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला.

पुष्पाताई म्हणाली, "म्हंजे माह्याकडून आलं."

"यात तुमचा काही दोष नाही, ताई."

"दोष नाही म्हनून राहिले तुमी. पन माह्याकडूनच आलं ना?"

डॉक्टरनं मान डोलावली. मग तिनं एक कोरा कागद ओढला आणि त्यावर घराण्याचं चित्र काढलं. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. वर सरांच्या आईचा गोल, तो तिनं काळा केला. त्याच्या खाली सरांचा चौकोन आणि पुष्पाताईचा गोल, तेही काळे. मामांचे कान, मामांची साखर, आजीचं सगळं, हे बहुधा यातूनच आलं आहे, ती म्हणाली. सरांची साखरेची गोळी तिनं विचारली आणि ती चालणार नाही, बदलून घ्या असंही सांगितलं. पुष्पाताईच्या गोलाखाली दोन गोल काढले, ईशाचा आणि मनीषाचा. मनीषाचा तिनं अर्धाच रंगवला, तपासल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाली.

सरांनी वाकून चित्र पाहिलं आणि आपल्या चौकोनावर बोट ठेवलं. "याच्या खाली?"

डॉक्टर काहीतरी म्हणाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पुरुषाकडून पुढे जात नाही, सर."

"परत सांग."

"तुमच्यापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. पुरुषाकडून मुलांत उतरत नाही."

"परत."

डॉक्टरला वाटलं त्यांना ऐकू येत नाही. तिनं मास्क खाली केला, कागद त्यांच्याकडे फिरवला, चौकोनाखाली एक रेघ काढून ती आडवी तोडली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "काका, तुम्हाला मुलं झाली असती, तरी त्यांच्यात हे आलं नसतं."

हे त्यांना माझ्याशिवाय समजलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि तो खिशात ठेवला, जिथं ते मशीन ठेवत. डॉक्टरला म्हणाले, "लय चांगलं समजावून सांगितलं, बेटा."

परतीच्या गाडीत ईशा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पुष्पाताई खिडकीबाहेर बघत होती. वर्धा गेल्यावर सर माझ्याकडे न बघता बोलले, "आलं नसतं. मी सुटलेला होतो अन् पुष्पीचं लगन लावून देल्लं." बडनेऱ्याला आम्ही दोघं उतरलो, बाकीचे पुढे अकोल्याला गेले. मला वाटलं, इथल्या त्या मुलीबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "चाल, रिक्षा पाहू."

मनीषाचं साक्षगंध झालेलं होतं. मुलगा मूर्तिजापूरचा, बँकेत, माणसं बरी. लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. पुष्पाताईचं म्हणणं होतं, आत्ता काही बोलायचं नाही. लग्न होऊ द्या, संसाराला लागू द्या, मग पाहू. सर तिच्या घरी गेले तेव्हा मीही सोबत होतो. पुष्पाताईनं चहा टाकला होता, मनीषा धुतलेले कपडे घड्या घालत होती, आणि सरांनी सगळं तिला तिथल्या तिथं सांगितलं. चित्राचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि तिचा अर्धा गोल दाखवला.

"दादा, म्या काय म्हटलं होतं तुले," पुष्पाताई स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली.

"आयकलं होतं."

"मंग काहून सांगितलं?"

"मी अंदाजावर जिंदगी काढली, पुष्पे. कोनाले इचारलं नाही, मीच ठरवलं. इनं तं इचारून ठरवावं."

मनीषानं कागद पाहिला, कपड्यांच्या घड्या पूर्ण केल्या आणि मुलाला स्वतः सांगायचं ठरवलं. त्यानं चांगलं ऐकून घेतलं म्हणे. घरी बोलतो म्हणाला. नंतर त्याच्या घरून निरोप आला तो भलताच होता. मुलाच्या आत्यानं ज्योतिषाला पत्रिका दाखवली, तिच्यात दोष निघाला.

"आपल्यात कवापासून पत्रिका पाहाले लागले?" किशोरराव म्हणाले. त्या दोन्ही घरांत बुद्धवंदनेनं लग्नं लागत आली होती. पण कुणी भांडायला गेलं नाही. खरं कारण मूर्तिजापुरात कुणाच्या तोंडी येऊ नये, म्हणून पत्रिकाच बरी होती.

त्या दिवशी पुष्पाताई भावाशी शेवटचं बोलली. मी दारात चपला घालत होतो. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी. "दादा, एक घर तू अंदाजानं मोडलं. आता दुसरं शास्त्रानं मोडलं. माह्याकडून जे गेलं ते गेलं, पन हे तुह्याकडून गेलं."

ती पुन्हा त्यांच्याशी बोलली नाही. दार उघडायची, पाणी द्यायची, ताट वाढायची. बोलायची मात्र नाही. काही लागलं तर मनीषाकडून सांगायची. सरांना ऐकू येत नसल्यामुळे बाहेरच्या माणसाला यात काही वेगळं दिसलंही नसतं. सर मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. पोळी वाढताना, कपडे वाळत घालताना, ती वळली की त्यांची नजर तिच्या ओठांवर जायची.

ईशाचे झटके चालूच होते. प्रत्येक झटक्यानंतर काहीतरी परत यायचं नाही. शाळा सुटली. एक हात नीट चालेना. मग कान गेले, मामापेक्षा लवकर आणि मामापेक्षा जास्त. सरांनी कॉलेजातून मोठी रजा घेतली आणि अकोल्याला जाऊन राहिले. त्यांनी ईशाला ओठ वाचायला शिकवायला घेतलं.

मी एकदा गेलो तेव्हा दोघं समोरासमोर पाटावर बसले होते आणि एकही आवाज न काढता बोलत होते. सर ओठांनी शब्द करायचे, ईशा तो मोठ्यानं म्हणायची. चुकली तर ते भिवया उंचावायचे. "मामा, बाबा अन् पापा, ओठावर तिन्ही सारखेच दिसते," सरांनी मला सांगितलं. "त्यासाठी मानसाचे डोये पाहा लागते, कोनाले हाक मारून राहिला ते." ईशानं हे धरून ठेवलं होतं. ती मुद्दाम बापाकडे बघून आवाज न करता 'मामा' म्हणायची, किशोरराव 'ओ' द्यायचे, आणि ती हसत सुटायची. तिचं ते हसणं जरा वाकडं झालं होतं, एका गालानं. स्वयंपाकघराच्या दारात पुष्पाताई उभी होती. तीही हसली होती, आणि सरांनी आपल्याकडे पाहिलंय हे दिसताच आत गेली.

ओठ वाचणं तिला चांगलं जमायला लागलं होतं. मग हिवाळ्यात मोठा झटका आला आणि दृष्टी गेली. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. मागे एकदा आली होती. यावेळी आली नाही.

सरांनी मला फोन केला की मी बोलायचं आणि त्यांनी अंदाजानं ऐकायचं असं आमचं चालायचं. त्या दिवशी त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "गावंडे, मी तिले चुकीचं शिकवलं बापा," ते म्हणाले. "ओठं शिकवले, अन् डोये गेले. हातावर बोटानं लिहून शिकवाले पाह्यजे होतं. तवा वेळ होता." मी काहीतरी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला होता.

ईशानं स्वतःच एक उपाय काढला. ती मामाच्या ओठांवर बोटं ठेवायची आणि त्यांनी बोलावं म्हणून वाट बघायची. सर बोलायचे. तिला किती समजत होतं ते सांगता येत नाही. कधी बरोबर उत्तर द्यायची, कधी वेगळंच काही. मी शेवटचं तिला पाहिलं ते असंच. सर खाटेच्या काठावर बसलेले, तिची दोन बोटं त्यांच्या ओठांवर, आणि सर आवाज न करता बोलत आहेत. काय बोलत होते ते मला कळलं नाही. मला ओठ वाचता येत नाहीत.

ती त्याच हिवाळ्यात गेली, तापातच, अकोल्याच्या दवाखान्यात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात भंतेजी बोलले, लोकांनी फुलं वाहिली. सर अगदी मागे, चपलांच्या जवळ बसले होते. मशीन खिशात होतं. मी त्यांना पुढे चला म्हणून खुणावलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लोक पुष्पाताईच्या पाया पडत होते, तिला धरून रडत होते. ती सगळ्यांशी बोलत होती.

त्यानंतर सर लवकरच निवृत्त झाले. कॉलनीतले लोक अजूनही कागद घेऊन यायचे, पण ते म्हणायचे, मोबाइलवर टाका, आता त्यात मराठी होऊन येते. छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टरांनी त्यांना स्वतःची तीच तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. "मले कशाले पाह्यजे?" ते मला म्हणाले. "माह्या खाली तं कोनीच नाही." मनीषानंही तपासणी केली नव्हती. ती अकोल्यातल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती. एकदा बसस्टँडवर भेटली, तेव्हा मी विचारलं नसताना म्हणाली, "मामानं सांगितलं ते बरं केलं का वाईट, मले अजून समजलं नाही, काका. तो मुलगा चांगला होता."

तिचाच फोन आला की मामा अकोल्याला आहेत, दवाखान्यात. मामांना एकटं ठेवायला नको म्हणून तिनं आणि किशोररावांनी जाऊन आणलं होतं, आणि आल्यावर त्यांचं हृदय अजूनच ढिलं पडलं.

मी दुपारी पोचलो. खोलीत दोन खाटा होत्या, दुसरी रिकामी. सर उशांना टेकून बसले होते, आधीच काडी असलेला माणूस आता चादरीखाली दिसतही नव्हता. मशीन नव्हतं. कान इतके गेले होते की त्याचा उपयोग उरला नव्हता, मनीषानं फोनवरच सांगितलं होतं. नजरही अंधुक झाली होती. खाटेच्या कडेला स्टुलावर पुष्पाताई बसून मोसंबी सोलत होती. पांढरी साल नखानं काढून, बी काढून, एकेक फोड ती त्यांच्या हातात ठेवत होती. ती तशीच, अजून न बोलणारी. मला पाहून तिनं फक्त मान हलवली आणि सरांच्या पायाशी जागा करून दिली.

सरांनी मला ओळखलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जितक्या जाड आवाजात जमेल तितक्या जाड आवाजात बोललो. त्यांना काही पोचलं असं वाटलं नाही, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला. कॉलेजातलं कोण कुठं आहे, एसटीचं वेळापत्रक बदललं का, असं तेच विचारत राहिले, उत्तराची वाट न बघता. मध्येच पुष्पाताईनं पुढची फोड त्यांच्या हातात ठेवली. ती ठेवताना तिचा हात त्यांच्या तळव्यावर जरा जास्त थांबला. ती खाली मोसंबीकडेच बघत होती.

सर बोलता बोलता थांबले. त्यांनी तोंड तिच्या दिशेला वळवलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले.

"पुष्पी काही बोलली काय?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पुढची फोड सोलायला घेतली होती. मी सरांचा हात दाबला आणि नाही म्हणून मान हलवली.

"असं होय," ते म्हणाले. "मले वाटलं, बोलली."